दुकानदारांनो, संस्थेतल्या मुलांसाठी तुम्ही काय केलंत? अनुभव सांगा

आमचं सांगलीत स्टेशनरीचं दुकान आहे. दर जूनमध्ये जवळच्या बालगृहाला वह्या देतो. यंदा तिथल्या अधीक्षिका म्हणाल्या, "वह्या भरपूर जमल्यात हो ताई. या वर्षी तीन मुलींना अठरा पूर्ण होतायत, त्यांचं काही बघता येईल का?" अठरा झाली की बालगृह सुटतं. 2015च्या बाल न्याय कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षण गृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना राहायची, सोय आहे, पण तिथे प्रत्येकाला जागा मिळतेच असं नाही. त्यातल्या एकीला आम्ही काउंटरला घेतलंय. तुमचे अनुभव लिहा, फसलेलेही चालतील.

गॅरेजवाला, नाशिक
असाच एक मुलगा माझ्याकडे आला. हात चांगला होता, आठवड्यात कार्बोरेटर खोलायला शिकला. पण एक वाजला की हातातला पाना ठेवून नुसता उभा राहायचा. चार दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: जेवणाची घंटा व्हायची वाट बघत होता! त्याने कधी भाजी घेतली नव्हती, उरलेले सुटे पैसे मोजले नव्हते. पहिला पगार तीन दिवसांत मोबाईलवर उडवला. मी चिडलो, नको ते बोललो. बायकोने मलाच झापलं. मग ती त्याला दर रविवारी बाजारात घेऊन जायला लागली. खरी अडचण खोलीची आली. आधारवर संस्थेचा पत्ता, गावाकडचं कोणी नाही म्हटल्यावर घरमालक दारातूनच परत पाठवायचे. शेवटी मी जामीन राहिलो. दोन वर्षं झाली, भाडं एकदाही थकलं नाही.

बेकरी, कोल्हापूर
रात्री उरलेला माल द्यायचो आणि दानशूर म्हणून मिरवायचो. एकदा तिथल्या मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, कमी द्या, पण सकाळचे द्या." मान खाली गेली.

हार्डवेअर, लातूर
एक व्यवहाराची गोष्ट. मी 5000 रुपये रोख दिले, पावतीही घेतली. सीएने सांगितलं, रोख देणगी 2000च्या वर गेली की 80जीची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट नाही. आणि नव्या करप्रणालीत ती तशीही मिळत नव्हती. तेव्हापासून चेकच देतो.

शिवणकाम, पुणे
मी संस्थेत वाढले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. लोक वाढदिवसाला केक आणायचे, आम्हाला रांगेत उभं करून फोटो काढायचे. नववीत असताना असा एक फोटो वर्गातल्या मुलींच्या हाती लागला. पुढे काय झालं ते लिहीत नाही. अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापायला वा दाखवायला वर आलेल्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74ने मनाई आहे. देणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं. मला उपयोग झाला तो एका गणवेशवाल्या काकूंचा. त्यांनी शिलाई मशीन दिलं नाही, 40 फ्रॉकची ऑर्डर दिली. त्यातले अकरा उसवून परत शिवायला लावले.

सलून, मिरज
सोमवारी दुकान बंद, म्हणून महिन्यातून एकदा मुलांचे केस कापायला जातो. आधी सगळ्यांवर एकच मशीन फिरवायचो, तासात तीस डोकी. एकाने विचारलं, "काका, वरचे ठेवाल का थोडे?" आता प्रत्येकाला आरशासमोर बसवून विचारतो. दोन सोमवार जातात. तेवढा आरसा स्कूटरवर नेताना जीव मुठीत असतो. मिरजेत कुणाचा छोटा हत्ती मोकळा असतो का?