मदत हवी आहे: फॅन बेल्ट दोनदा बदलला तरी गाडी ओरडायची थांबेना

कडोली_भाजी
मंडळी लवकर सांगा कोणीतरी. महिन्यात दोनदा बेल्ट बदलला तरी आवाज जाईना. पहाटे अडीचला सेल्फ मारला की चीं चीं करून अख्खी गल्ली उठते, शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे, काल त्याची आई दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही पण मला कसंतरीच झालं. मेस्त्री म्हणतोय तिसरा टाकून बघूया. रोज गोव्याला माल असतो, गाडी गॅरेजला लावून बसता येत नाही. काय करू?

निपाणी_23
कुठली गाडी? किती सालची? डिझेल का पेट्रोल? एसी आहे काय? आवाज चालू करतानाच येतो का चालताना पण? एवढं तरी लिहा की आधी.

चंदगडचा_पाव्हणा
कपड्याचा साबण घ्या, कोरडी वडी, बेल्टच्या आतल्या बाजूला घासा. आमच्या बाबांची जीप होती, वीस वर्षं हेच केलं, आवाज एका मिनिटात बंद. उगाच पैसे घालू नका.

उद्यमबाग_लेथ
साबण लावू नका. जुन्या एका धारेच्या व्ही बेल्टला तो चालून जायचा, आताच्या बारीक धारांच्या पट्ट्याला त्याचा थर बसतो, चकाकी येते आणि दोन दिवसांनी जास्त घसरतो. ते स्प्रे मिळतात तेही नको. आणि चालू इंजिनजवळ हात घालून काही घासायचं तर अजिबात नको, माझ्या डोळ्यांसमोर एका पोराची दोन बोटं गेलीत.

चंदगडचा_पाव्हणा
गाडी बंद करूनच लावायचा असतो, चालू गाडीत लावा म्हटलंच नाही मी. आणि वीस वर्षं आमची जीप चालली ती खोटी काय?

उद्यमबाग_लेथ
खोटी नाही हो. पट्टा वेगळा होता, एवढंच म्हणतोय.

कडोली_भाजी
पिकअप आहे, डिझेल, 2013 ची, पॉवर स्टिअरिंग आहे, एसी नाही. चालू करताना जास्त, गरम झाली की कमी होतो पण जात नाही, जांबोटीपर्यंत चिमणीसारखं चिवचिव चालूच असतं. साबण लावून झालाय आधीच, पहिल्या बेल्टला.

टिळकवाडी_जुना
बॅटरी बघा. थंड गाडीला सेल्फ मारला की बॅटरी खाली होते, ती भरायला आल्टरनेटरवर एकदम लोड येतो आणि बेल्ट घसरतो. मी बॅटरी बदलली, माझ्या गाडीचा आवाज गेला. पाचव्या वर्षी बॅटरी बदलायचीच.

निपाणी_23
त्याला चालतानाही आवाज आहे, बॅटरीचा असता तर दोन मिनिटांत गेला असता. तुम्ही प्रत्येक धाग्यावर बॅटरीच सांगता.

टिळकवाडी_जुना
कारण दहातल्या पाच जणांची बॅटरीच निघते. तपासायला काही पैसे पडत नाहीत.

उद्यमबाग_लेथ
बॅटरीचं म्हणणं चूक नाही, सकाळच्या लांब किंचाळण्याला ते कारण असू शकतं. पण किंचाळणं वेगळं आणि चिवचिव वेगळं. लांब चींऽऽ असेल, रेस दिल्यावर किंवा हेडलाईट लावल्यावर वाढत असेल तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी, नाहीतर पट्ट्यावर तेल किंवा कूलंट पडतंय. तुटक चिवचिव असेल तर बहुतेक पुल्या, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाकं, एका ओळीत नाहीत. गुरगुर किंवा घासल्यासारखं असेल तर बेअरिंग. कडोलीकर, एक करा. गाडी चालू ठेवून लांबूनच बाटलीने पट्ट्याच्या धारांकडच्या बाजूला थोडं साधं पाणी मारा, बाही आणि गळ्यातलं उपरणं सांभाळून. पाणी पडल्याबरोबर आवाज वाढला तर ताण बघायचा. गप्प झाला आणि काही सेकंदांत परत आला तर ओळ चुकलीय. तेवढं करून सांगा.

गोकाक_ट्रॅक्टर
टायमिंग बेल्ट बदललाय काय? तो तुटला तर व्हॉल्व वाकतात, इंजिन खोलावं लागतं. माझ्या मेहुण्याचं झालं होतं.

निपाणी_23
अण्णा तो वेगळा, आतला. हे बाहेरच्या पट्ट्याचं चाललंय.

खानापूर_रात्रपाळी
मी पण ह्याच रस्त्यावर रात्री असतो म्हणून लिहितो. अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. पट्टा तुटला तर नुसता बॅटरीचा दिवा लागून भागत नाही, दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं होतं. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर इंजिनही तापतं. चोर्ला घाटातून खाली साखळीकडे भरलेली गाडी उतरताना असं झालं तर काय करणार? माझ्यावर एकदा आलंय, कणकुंबीच्या पुढे, पाऊस कोसळत होता, दुसऱ्या गिअरवर दोन्ही पायांनी ब्रेक दाबत कशीबशी कडेला घेतली. आवाज जाऊ दे हो, पट्ट्याच्या कडा बघा आधी.

टिळकवाडी_जुना
चोर्ल्यापेक्षा अनमोडवरून का जात नाही?

खानापूर_रात्रपाळी
म्हापशाचा माल असेल तर अनमोड लांब पडतं. पण इथं रस्त्याचं नको, वेगळा धागा काढा.

कडोली_भाजी
पाणी मारलं. चार-पाच सेकंद एकदम शांत, परत चिवचिव सुरू.

उद्यमबाग_लेथ
मग ओळच. आता नीट आठवून सांगा, ह्या वर्षभरात आल्टरनेटर, वॉटर पंप, स्टिअरिंग पंप, काही काढलं-बसवलं होतं काय?

कडोली_भाजी
हो, दिवाळीच्या आधी आल्टरनेटर जळला होता, भरून घेतलेला दुसरा बसवला. पण तो चार्जिंग बरोबर देतोय म्हणून लिहिलं नाही.

निपाणी_23
अहो हेच पाहिजे होतं! आवाज तेव्हापासूनच काय?

कडोली_भाजी
बघायला गेलं तर होय. आठ-पंधरा दिवसांनी सुरू झाला.

उद्यमबाग_लेथ
गाडी बंद करून किल्ली काढून खिशात घाला, थंड होऊ द्या. मग एक सरळ लोखंडी पट्टी क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मोठ्या पुलीच्या तोंडाला टेकवून आल्टरनेटरच्या पुलीपर्यंत न्या. दोन्ही पुल्यांच्या कडा सारख्या जाड नसल्या तर कडेवर जाऊ नका, धारांच्या खाचा समोरासमोर येतात का ते बघा. एक फूट अंतराला दीड मिलिमीटरच्या वर फरक गेला की हा पट्टा बोलायला लागतो. पट्टा उतरवला असेल तेव्हा सगळ्या पुल्या हातानं फिरवून बघा, खरखर किंवा हलणं लागलं तर बेअरिंग गेलं. बेल्टवरचा नंबरही जुन्याशी ताडून बघा, पीकेच्या आधीचा आकडा म्हणजे किती धारा, नंतरचा म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये.

चंदगडचा_पाव्हणा
नवा बेल्ट चांगला आवळून बसवला तर हे सगळं करायची गरज नाही.

उद्यमबाग_लेथ
नको. जास्त आवळला की आवाज दबतो पण आल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंगं खातो. मग वॉटर पंप गळायला लागला की कूलंट पट्ट्यावर, आणि परत आवाज.

कडोली_भाजी
काल रविवार, गाडीला सुट्टी, म्हणून मेस्त्रीला घरीच बोलावलं. आधी तो ऐकायलाच तयार नव्हता, पट्टी लावून दाखवल्यावर गप्प बसला आणि स्वतःच खाली वाकला. आल्टरनेटरची पुली जवळजवळ तीन मिलिमीटर पुढं. खालच्या लांब बोल्टात एक जाड वॉशर होता तो आल्टरनेटरच्या कानाच्या, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकाच्या भागाच्या, मागं बसला होता, तो पुढं पाहिजे होता. बेल्ट काढून हातात घेतला तर महिन्याचा सुद्धा नाही आणि एका कडेचे दोरे सुटून लोंबायलेत, पहिली धार काचेसारखी चकाकतीय, ब्रॅकेटच्या आत काळी रबराची भुकटी चिमटीत धरण्याएवढी साठलेली. खानापूरवाले, तुमचं वाचलं नसतं तर हाच बेल्ट घालून आज घाट उतरलो असतो. पाठीला व्हॅक्यूम पंपच आहे, त्याच्या तेलाच्या नळीतनं पण थोडं झिरपत होतं, ती क्लिप बदलली.

वॉशर पुढं घेतला, पुल्या जुन्या डिझेलनं न पुसता ब्रेक क्लीनरनं पुसल्या, वाळू दिल्या, नवा बेल्ट घातला. आज पहाटे अडीचला चालू केली, आवाज नाही. बॉनेट उघडून दहा मिनिटं तिथंच उभा राहिलो.

उद्यमबाग_लेथ
छान. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की ताण एकदा परत बघून घ्या, नवा पट्टा थोडा सैल पडतो. सगळ्यांत लांब भागात अंगठ्यानं दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर गेला पाहिजे, पुस्तकात तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तो धरा.

खानापूर_रात्रपाळी
काढलेल्यांतला बरा असलेला एक पट्टा आणि पाना सीटखाली टाकून ठेवा. कणकुंबीला रात्री काही मिळत नाही.

कडोली_भाजी
दोन्ही खराब झालेत, नवाच एक जास्तीचा घेतला. मेस्त्रीनं बेल्टचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.

गोकाक_ट्रॅक्टर
माझ्या ट्रॅक्टरच्या फॅन बेल्टला पण असाच आवाज आहे, ऊस ओढताना जास्त. पाणी मारून बघितलं, आवाज वाढतोय. म्हणजे ताण काय?

निपाणी_23
होय अण्णा, ताणच. आधी पट्ट्यावर तेल-कूलंट नाही ना ते बघा. आणि ट्रॅक्टर कुठला, किती सालचा ते लिहा.