मदत हवी आहे: फेज वन रिपोर्टवर सही करू का?

निनाद_भूगर्भ: शुक्रवारी क्लायंटच्या जागाखरेदीचं क्लोजिंग आहे म्हणून थेट विचारतो. मॅनेजर म्हणतोय, या वेळी फेज वनवर (खरेदीआधी जागेच्या प्रदूषणाची प्राथमिक तपासणी) एन्व्हायर्न्मेंटल प्रोफेशनल म्हणून तूच सही कर, करिअरला बरं पडेल. साइट बघणं, सॅनबोर्नचे जुने विमा-नकाशे, मुलाखती, सगळं मीच केलंय. करू का? लांबण नको, हो की नाही सांगा.

कातळवेडा: राज्य कुठलं? पीजी (भूशास्त्रज्ञाचं लायसन्स) आहे का? अनुभव किती? काहीच न सांगता हो-नाही कसं सांगायचं?

हिंजवडीकर: टायटल सर्च करून घ्या आधी. आमच्या फ्लॅटच्या वेळी वकिलांनी सातबारा बघितला म्हणून वाचलो.

कातळवेडा: अहो, ते घर घेत नाहीयेत.

निनाद_भूगर्भ: न्यू जर्सी. एम.एस्सी. पुण्याहून. पीजी नाही. साडेतीन वर्षं झाली.

ह्यूस्टनचा_बापू: आधी पीजी काढ रे. त्यासाठीच्या एएसबॉगच्या दोन्ही परीक्षा दे आणि फेज टूला, म्हणजे खणून नमुने घ्यायच्या कामाला जा, ड्रिलिंग रिगवर उभा राहा. नुसते फेज वन पाडत बसलास तर पाच वर्षांनीही गुगल अर्थच बघत असशील.

रेवती_एनजे: बापू, न्यू जर्सी भूशास्त्रज्ञांना पीजी देतच नाही. इथे २००९ च्या कायद्यापासून एलएसआरपी हे लायसन्स आहे, आणि ते प्रदूषित जागांच्या सफाईसाठी. पण निनादचा प्रश्न ‘एन्व्हायर्न्मेंटल प्रोफेशनल’च्या फेडरल व्याख्येचा आहे. पीजी किंवा पीई (इंजिनिअरचं लायसन्स) असेल तर ३ वर्षं अनुभव, नुसती विज्ञानाची पदवी असेल तर ५, तीही नसेल तर १०. साडेतीनची पाच कशी झाली?

निनाद_भूगर्भ: हो, ते राहिलं. आधी दोन वर्षं संगमनेर-पारनेरकडे बोअरचे पॉइंट द्यायचो. मॅनेजर ती धरतोय.

ह्यूस्टनचा_बापू: मग झालं की! भूजल म्हणजे जमिनीखालचंच काम.

रेवती_एनजे: नाही झालं. अनुभव कसला हवा तेही नियमात आहे: साइटची तपासणी करून, तिथे प्रदूषण झालंय का यावर स्वतः मत बनवण्याचा. बेसॉल्टमध्ये पाणी कुठे लागेल हे मत वेगळं. निनाद, पाण्याचे नमुने वगैरे तपासायचात का?

निनाद_भूगर्भ: नाही. जमिनीची रेझिस्टिव्हिटी (विद्युतरोध) घ्यायची, पॉइंट दाखवायचा.

रेवती_एनजे: मग ती दोन वर्षं विसरा. पात्र माणसाच्या देखरेखीखाली सगळं काम करता येतं, पण सहीच्या वर ‘मी या व्याख्येत बसतो’ असं छापलेलं असतं. बसत नसाल तर खरेदीदाराचं सुपरफंड कायद्यातलं संरक्षण अडचणीत येतं. त्या १९८० च्या कायद्याखाली, घाण दुसऱ्याने केली असली तरी आजच्या मालकाच्या गळ्यात सफाईचा खर्च पडू शकतो. मग वकील तुमचा रेझ्युमे मागवणारच.

पायथॉनपंत: जीआयएस आणि पायथॉन शिका, रिमोट जॉब मिळतो. माझा भाचा शिकला.

कातळवेडा: एक कळलं नाही. नेहमी सही करणारे कुठे गेले?

निनाद_भूगर्भ: आहेत. जुन्या सिटी डिरेक्टरीत त्या जागी ड्राय क्लीनर दिसला, १९६०-७० च्या दशकांत. मी आरईसी (प्रदूषणाची शक्यता असल्याचा शेरा) लिहिलं. ते म्हणतात आता तिथे नेल सलून आहे, आरईसी काढ, मग सही करतो. क्लायंट चिडेल म्हणे.

कातळवेडा: हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं राव!

रेवती_एनजे: आरईसी अजिबात काढू नका. पर्क (ड्राय क्लीनिंगचं रसायन) पाण्यापेक्षा जड असतं, काँक्रीटमधूनही खाली मुरतं. दुकान बंद होऊन पन्नास वर्षं झाली तरी वाफ वर येते, आणि ती त्या सलूनमध्येच. मॅनेजरला लिहून कळवा की दुसऱ्या ऑफिसमधला पात्र माणूस शोधा, फेज टूची शिफारस राहू द्या. क्लोजिंग पुढे गेलं तरी मुलाखती, साइटभेट, रेकॉर्ड १८० दिवस चालतात.

ह्यूस्टनचा_बापू: हे मात्र बरोबर. तरी पीजी काढच. पेनसिल्व्हेनियाचं काढ.

निनाद_भूगर्भ: मेल टाकला. ‘फोनवर बोलू’ असं उत्तर आलंय.

कातळवेडा: फोन घ्या, पण ठेवल्यावर काय ठरलं ते लगेच मेलवर लिहा.

एडिसनकर: अवांतर विचारतो. इथे घर बघतोय, मागच्या गल्लीत ड्राय क्लीनर आहे. घ्यावं का?