दांडग्या कुत्र्याचा पट्टा: तुटता कामा नये, की वेळेला सुटायलाच हवा?

गेल्या महिन्यात आमच्या कुत्र्याच्या पट्ट्याची कडी उघडली. पट्टा फाटला नाही, बक्कल निघालं नाही, साखळीही शाबूत. पट्ट्याला जी इंग्रजी डी अक्षरासारखी कडी असते, तिची दोन टोकं जोडलेलीच नव्हती. तार वाकवून टोकाला टोक नुसतं भिडवलेलं होतं. रोजच्या ओढीने तिथे फट पडत गेली आणि एक दिवस साखळीचा हूक त्यातून अलगद निसटला. ४० किलोचा गडी फाटकावरून उडी मारून रस्त्यावर! धडधाकट परत आला, पण ती वीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बाहेर राहणाऱ्या ताकदवान कुत्र्याचा पट्टा कधीच तुटता कामा नये. घेताना आपण जाडी बघतो, रंग बघतो, आणि कडीकडे कुणी बघतच नाही. कडीचा सांधा वेल्डिंग केलेला हवा, नख फिरवलं तर कुठे अडकायला नको. पितळ किंवा स्टेनलेस स्टील असेल तर उत्तम, कारण ते पावसात गंजत नाही. स्वस्तातली ओतीव कडी वर कितीही चकचकीत दिसली तरी जोराच्या हिसक्याला वाकत नाही, सरळ मोडते. प्लॅस्टिकचं खटक्याचं बक्कल उन्हात ठिसूळ होतं, ते बाहेरच्या कुत्र्याला नकोच. मोठ्या कुत्र्याला ४-५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घ्यावा, म्हणजे ओढ दोरीसारखी एका रेषेत गळ्यावर येत नाही.

जोर पडला की आपोआप सुटणारे पट्टेही मिळतात. बांधलेल्या कुत्र्याला ते घालणं म्हणजे त्याला स्वतःच्या हाताने रस्त्यावर सोडणं, असं मला वाटतं. तुमचं काय मत?

प्रतिसाद १

कडीबद्दल शंभर टक्के सहमत. एक हिशेब मांडतो. ४० किलोचा कुत्रा सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत साखळीच्या टोकाला पोचला आणि २० सेंटिमीटरच्या आत थांबला, तर सरासरी बल भरतं सुमारे २,५०० न्यूटन. म्हणजे अडीचशे किलोचं ओझं क्षणभर लटकावल्यासारखं. साखळीत काहीच लवचीकपणा नसेल तर थांबायचं अंतर आणखी कमी आणि बल आणखी जास्त. त्यामुळे फक्त पट्टा भक्कम करून भागत नाही, साखळीच्या खुंट्याकडच्या टोकाला जाड स्प्रिंग घाला. हिसका कमी होतो. आणि फिरती कडी विसरू नका. ती नसेल तर कुत्रा गोल गोल फिरून साखळीला पीळ घालतो आणि शेवटी खुंट्याला डोकं टेकवून बसतो.

प्रतिसाद २

साफ असहमत, आणि कारण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आमचे दोन्ही कुत्रे अंगणात मोकळे खेळत होते. मोठ्याने धाकट्याच्या मानेला लाडाने तोंड घातलं आणि त्याचा खालचा जबडा पट्ट्यात अडकला. तो घाबरला, त्याने अंग फिरवलं, पट्ट्याला पीळ बसला. आता एकाचा जबडा सुटेना आणि दुसऱ्याचा श्वास कोंडलेला. पिनचं बक्कल सोडवायला पट्टा आधी आणखी आवळावा लागतो, हे मला त्या क्षणी समजलं. आवळायला जागाच नव्हती. धाकट्याची जीभ जांभळी पडत चालली होती. शेवटी नवऱ्याने मोठ्याला मागच्या पायांनी उचलून उलटा फिरवला, तेव्हा पीळ सुटला. तुम्ही सांगताय तसलाच पट्टा होता, वेल्डिंगची कडी, दुहेरी शिवण, सगळं. भक्कम होता म्हणूनच तो सुटला नाही.

रस्त्यावर पळालेला कुत्रा परत येण्याची आशा तरी असते. माझ्या मते मोकळ्या कुत्र्याच्या गळ्यात जोर पडला की सुटणारा पट्टाच हवा.

प्रतिसाद ३

मला मूळ प्रश्नच चुकीचा वाटतो. तुटणारा की न तुटणारा यावर वाद घालताना एवढा जोर गळ्यावर का येऊ द्यायचा, हे कुणी विचारतच नाही. २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं की कुत्रा पट्ट्याने ओढत असताना डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसने ओढताना तसा वाढत नाही. २०२० मध्ये कृत्रिम मानेवर वेगवेगळ्या प्रकारचे पट्टे चढवून दाब मोजला गेला. त्यातला एकही पट्टा ओढणाऱ्या कुत्र्याला इजेचा धोका राहणार नाही इतका कमी दाब देणारा निघाला नाही, रुंद आणि मऊ पट्टेसुद्धा. श्वासनलिका तिथे, थायरॉइड तिथे. छातीवरून जाणारं हार्नेस घाला, प्रश्न मिटला.

प्रतिसाद ४

हार्नेस फिरायला नेताना जरूर घाला, मीही घालते. पण बाहेर राहणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर चोवीस तास? मी कुत्र्यांच्या पाळणाघरात बरीच वर्षं काम केलंय. सतत हार्नेस घातलेल्या कुत्र्याचा पुढचा पाय जरा उचलून बघा. काखेतले केस गेलेले असतात आणि कातडी लाल, कधी सोललेली. शिवाय बांधलेला कुत्रा मागे सरकत अंग चोरतो आणि ढिल्या हार्नेसमधून निसटतो. छातीवरची पट्टी तोंडाच्या टप्प्यात असते, एका रात्रीत चावून तोडणारेही पाहिलेत.

मात्र पट्टावाल्यांनाही सांगायचंय. एक केसाळ कुत्रा आला होता, वरून अगदी व्यवस्थित. जवळ गेल्यावर कुजकट वास आला. नायलॉनचा पट्टा वर केला तर खाली केसांचा चिकट थर, त्याच्या आत कातडी पांढरट, भिजून फुगलेली, आणि कडेला चार गोचीड. पावसात नायलॉन पाणी धरून ठेवतं आणि दाट केसांखाली ते वाळतच नाही. मालक रोज जेवण द्यायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, पट्ट्याखाली बोट कधी घातलं नव्हतं. चामड्याचा पट्टाही भिजून वाळला की कडक होतो, कडा टोचायला लागतात, त्याला अधूनमधून तेल लागतं. वरून प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या पट्ट्या, बायोथेन म्हणतात त्या, पाणी पीत नाहीत. मला बाहेरच्या कुत्र्यासाठी त्याच पसंत आहेत.

वाढत्या पिल्लाचा पट्टा तर दर आठवड्याला तपासायलाच हवा. मान वाढते, पट्टा तेवढाच राहतो आणि मांसात रुततो. असं एक पिल्लू मी पाहिलंय, आजही आठवलं की पोटात कालवतं. पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, एवढं तरी बघा.

प्रतिसाद ५

वर कुणी म्हटलं नाही म्हणून लिहितो. भक्कम पट्टा, भक्कम साखळी आणि शेजारी कुंपण, याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. कुत्रा कुंपणावरून उडी मारतो, साखळी पलीकडे जमिनीपर्यंत पुरत नाही, आणि तो लटकतो. तिथे पट्टा जितका चांगला तितका मृत्यू नक्की. बांधायचंच असेल तर साखळी पूर्ण ताणली तरी कुत्रा भिंत, कट्टा, पायऱ्या यांपर्यंत पोचणार नाही अशा जागी बांधा. गळा आवळणारी साखळी किंवा आतून काटे असलेला पट्टा घालून तर कधीच बांधू नका, सोडवायला कुणी नसतं तेव्हा तो आवळतच जातो.

मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या खिळ्यांच्या पट्ट्याची इथे आठवण झाली. रोमन लेखक व्हॅरो याने इ.स.पू. ३७ च्या आपल्या शेतीवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलंय. भक्कम चामड्यातून खिळे बाहेर काढलेले, आणि आतल्या बाजूला खिळ्यांच्या डोक्यांवर मऊ कातडं शिवलेलं, लोखंड कुत्र्याच्याच मानेला लागू नये म्हणून. लांडग्याशी झुंजणाऱ्या जनावरासाठीही पट्ट्याची आतली बाजू कशी असावी याचा विचार त्या माणसांनी केला होता. आपण रिबीट मारलेला पट्टा घेताना आतून बोट फिरवून बघतो का?

मूळ लेखिका

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. प्रतिसाद २ मधला जबड्याचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मी फक्त बांधलेल्या कुत्र्याचा विचार करत होते. मोकळ्या कुत्र्याच्या गळ्यात तोच पट्टा राहतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी बांधलेल्या वेळेबद्दल माझं मत कायम आहे. आमचा कुत्रा अनोळखी माणसावर धावतो. तो सुटला तर फक्त त्याच्याच जिवाचा प्रश्न नसतो, समोर एखादं लहान मूल असू शकतं.

म्हणून आता दोन पट्टे केलेत. बांधायच्या वेळी रुंद, वेल्डिंगच्या कडीचा. मोकळा सोडला की तो काढून ठेवायचा आणि नाव-नंबराची पट्टी असलेला हलका, आपोआप सुटणारा घालायचा. खुंटा कुंपणापासून लांब हलवला, स्प्रिंगही बसवली. हार्नेस मात्र फिरण्यापुरतंच.

प्रतिसाद ४ वाचून लगेच उठले आणि त्याच्या पट्ट्याखाली बोट घातलं. कानामागे, बक्कल येतं तिथे, रुपयाएवढी जागा केस जाऊन ओलसर झालेली. मला दिसलीच नव्हती.

प्रतिसाद २ (पुन्हा)

दोन पट्ट्यांची पद्धत पटली. पण घाईच्या सकाळी तो रुंद पट्टा गळ्यातच राहील आणि कुत्रा मोकळा सुटेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. आम्ही बांधणंच बंद केलं आणि उंच जाळीचं बंदिस्त आवार केलं. आत असताना दोघांच्याही गळ्यात काहीच नसतं, ओळखीसाठी कातडीखाली चिप आहे. तुमच्याकडे जागा असेल तर याचा विचार करा. आणि ती ओलसर जागा आजच डॉक्टरांना दाखवा, वाळेल म्हणून थांबू नका.