फिल्टरशिवाय पाणवनस्पतींचा बाऊल: विहिरीचं पाणी आणि लाल माती चालेल का?

गुहागरची_अनघा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे काचेचा एक गोल बाऊल आहे, साधारण १२ लिटरचा. भावाने मुंबईहून आणला होता, तेव्हापासून माळ्यावर पडून होता. आता मुलाने हट्ट धरलाय की त्यात मासे हवेत. मला मात्र त्यात पाणवनस्पती लावायच्या आहेत, ओटीवरच्या खिडकीत हिरवंगार काहीतरी दिसावं म्हणून. फिल्टर नको, कारण पावसात आमच्याकडे लाईट कधी जाते आणि कधी येते याला काही धरबंध नसतो. बाजारातल्या एका दुकानदाराने दोन गोल्डफिश, रंगीत खडे आणि पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या औषधाची बाटली असं सगळं एकदम गळ्यात मारायला पाहिलं, पण मन मानेना.

शंका अशा की घरामागच्या विहिरीचं पाणी थेट ओतू का? वाळू पुळणीवरची, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरची, आणली तर? परसातली लाल माती चालते का? आणि सासूबाईंचं म्हणणं, साठवलेलं पाणी म्हणजे डेंग्यूला आवतण. गेल्या पावसाळ्यात वाडीत दोघांना झाला होता, त्यामुळे त्यांचं बोलणं उडवून लावता येत नाही.

रत्नागिरी_टँक

ताई, स्पष्टच सांगतो. बाऊल माशांसाठी नाहीच. गोल्डफिश तर बिलकूल नको, तो वीतभर वाढतो आणि घाणही त्या मानाने करतो. एक स्पंज फिल्टर आणि छोटा एअरपंप घ्या, लाईट गेल्यावर बॅटरीवर चालणारे पंपही मिळतात. शक्य असेल तर सरळ दोन फुटी टाकीच घ्या. फिल्टरशिवाय करायला जाऊन मासे मरतात आणि पोरं हिरमुसतात, हे खूप घरांत पाहिलंय.

नर्सबाई_देवगड

अनघा, आधी तुझ्या सासूबाईंचं ऐकू या, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. मी आरोग्यसेविका होते. पावसाळ्यात दारोदार जाऊन रांजण, टायर, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे बॅटरी मारून तपासायचे, हे काम वर्षानुवर्षं केलंय. डेंग्यूचा एडिस डास गटार शोधत नाही, त्याला असंच स्वच्छ, निवांत पाणी लागतं. आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. बाऊल काही दर आठवड्याला कोरडा करता येणार नाही. तेव्हा त्याच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड हवं, कडेने इलॅस्टिक शिवलेलं, आणि ते पाण्याला टेकता कामा नये. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर काचेवर. काळे बारीक ठिपके असतात, आणि कोरडे पडले तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून काचेचा तो पट्टा दर आठवड्याला खरखरीत फडक्याने घासून पुसायचा. नुसतं पुसून भागत नाही, चिकटलेली असतात ती.

रोज सकाळी बाजूने वाकून बघ. एडिसची अळी शेपटाकडची श्वासनळी पाण्याच्या वरच्या थराला लावून डोकं खाली करून तिरकी लोंबते. काचेला टिचकी मारलीस की वळवळत तळाला जाते. मलेरियाच्या डासाची अळी मात्र पृष्ठभागालगत आडवी पडलेली दिसते. कुठलीही दिसली की चहाच्या गाळणीने उचलायची. मुलालाच हे काम दे, डोळे बारीक असतात पोरांचे. सासूबाईंनाही एकदा शेजारी बसवून दाखव, म्हणजे त्यांची धास्ती कमी होईल.

आता फिल्टरचं. रत्नागिरीच्या दादांचं म्हणणं माशांपुरतं अगदी खरं आहे. पण फिल्टर नुसता कचरा अडवत नाही, त्याचं खरं काम त्यातल्या स्पंजवर वाढणारे जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या पानातून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन माशांना विषारी, तिसरं त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू वाळूच्या कणांवर, पानांवर, काचेवरही राहतात, आणि वनस्पती तर अमोनिया स्वतःच खत म्हणून ओढून घेतात. फिल्टर नसेल तर ही सगळी भिस्त हिरवळीवर येते. म्हणून दोन काड्या खोचून बाऊल सजला असं चालत नाही, पहिल्याच दिवशी तळाचा तीन चतुर्थांश भाग झाडांनी भरलेला पाहिजे. तसा भरला तर वीज गेली काय आणि आली काय, फरक पडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. इतके दिवस बंद पडलेल्या फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवाचून मरतात, आणि वीज आल्यावर तीच सडलेली घाण टाकीत परत येते.

पाणी विहिरीचं चालेल, पण पावसाळ्यात थेट ओतू नकोस. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते ना, ती ब्लीचिंग पावडर, म्हणजे क्लोरीन. उपकेंद्रात आम्ही ऑर्थोटोलिडिनची (ओटी) टेस्ट करायचो, दोन थेंबांत पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. माणसाला ते पाणी हवंच, पण तोच क्लोरीन झिंग्याला, माशाला आणि त्या जिवाणूंना घातक. पाणी पसरट बादलीत पूर्ण एक दिवस उघडं ठेव, अधूनमधून ढवळ, मग ओत. घाई असेल तर दुकानात हायपोचे खडे मिळतात, ते क्लोरीन मारतात.

विहीर खाडीच्या जवळ आहे का? मे महिन्यात आमच्याकडचं पाणी मचूळ होतं. तसं झालं तर त्या दिवसांत नळाचं किंवा वरच्या वाडीतलं गोडं पाणी वापर. आटतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. नुसती भर घालत राहिलीस तर खारेपणा चढत जातो. म्हणून भर घालायची तशी थोडं जुनं पाणी काढायचंही.

पुळणीवरची वाळू नको. मिठासाठी नव्हे, मीठ धुऊन जाईल. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो हळूहळू विरघळतो आणि पाणी जड आणि क्षारीय करतो. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघ, फसफसली तर ती नको. नदीची जाड रेती आण, आणि तांदूळ धुतो तशी पाणी नितळ होईपर्यंत धू. खाली माती बोटाच्या एका पेरापेक्षा जरा जास्त, वर रेती तितकीच. परसातली माती चालेल, पण जिथे शेणखत किंवा युरिया पडलाय तिथली नको, पहिल्याच आठवड्यात अमोनियाचा भडका उडतो. चाळून काडीकचरा काढ. आपली जांभ्याची, म्हणजे जांभा दगडाची लाल माती लोहाने भरलेली असते, मुळांना ते हवंच असतं. परदेशातले टाकीवाले जांभ्याची पूड विकत घेऊन तळाला घालतात, आपल्या तर दारात पडली आहे. थर फार जाड करू नकोस, आत हवा न पोचल्याने सडक्या अंड्यासारखा वास येतो. अधूनमधून काडीने टोचत राहिलीस की झालं.

भरताना बशी ठेवून बशीवर पाणी सोड, माती उसळणार नाही. आणि काठोकाठ भरू नकोस. गोल बाऊल जिथे सगळ्यात रुंद आहे तिथपर्यंतच पाणी. प्राणवायू वरच्या पृष्ठभागातून आत येतो, गळ्यापर्यंत भरलंस तर तो पृष्ठभाग रुपयाएवढा उरतो. त्यात आपला उन्हाळा. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. रात्री झाडंही तोच वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो.

खिडकी कुठल्या दिशेला आहे? थेट ऊन येत असेल तर बाऊल तिथे नको. गोल काचेत पाणी भरलं की ते भिंगाचं काम करतं, पाणी तापतं आणि मागे पडदा-कागद असेल तर तोही पेटू शकतो. उत्तरेची खिडकी उत्तम. आषाढात आभाळ भरून राहतं तेव्हा वर एक ७ किंवा ९ वॅटचा पांढरा एलईडी, सात-आठ तास.

झाडांसाठी फार खर्च नको. गावच्या तळ्यात हायड्रिला असतं, लोक त्याला सरसकट शेवाळच म्हणतात. लांब पट्ट्यांसारखी पानं असलेलं व्हॅलिसनेरियाही मिळतं. भराभर वाढणारी ही झाडंच सुरुवातीला पाणी सांभाळतात. तळ्यातून आणलेलं आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडव, खळखळून धू, आणि आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेव. चतुराच्या अळ्या आणि जळवा पानांत लपून येतात. चतुराची अळी लहान मासाही फस्त करते. सावकाश वाढणाऱ्यांपैकी अनुबियास आणि जावा मॉस विकत घे. ती मातीत पुरायची नाहीत, दगडाला दोऱ्याने बांधायची. अनुबियासचा जाड खोडासारखा कंद मातीखाली गेला की कुजतो. क्रिप्टोकोरायनीही छान, पण तीही दुकानातलीच घे. एक कळकळीची विनंती, सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, डबक्यांतलं काही उपटून आणू नकोस. गेंद, सीतेची आसवं ही पावसाळ्यापुरती फुलणारी झाडं बाऊलमध्ये जगत नाहीत, आणि चिरेखाणींमुळे सडे आधीच उरले आहेत किती!

पहिले चार-सहा आठवडे आत जीव सोडायचा नाही. आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदल. त्यानंतर १२ लिटरमध्ये मासा नकोच, हे दादांच्या बाजूने सांगते. चेरी झिंगे सोड, आठ-दहा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडे मोठे, लालभडक, दिवसभर पानं साफ करत फिरतात. मुलाला माशांइतकेच आवडतील. गप्पी मासा टिकतो, पण नर-मादी ठेवलीस तर पिल्लांनी बाऊल भरेल, आणि वाढलेले गप्पी कुठल्याही व्हाळात, ओढ्यात सोडायचे नाहीत. मलेरिया विभागातून मिळतात ते साठवणीच्या टाक्यांसाठी.

मालवणी_झील

नर्सबाय सांगतत ता बरोबर आसा. आमच्या व्हाळात पिकू मेळतत, डोक्यार चांदीचो टिकलो चमकता. डासांची पिल्लां खातत, पण तेंका बाऊलात घालू नकात, बोटाएवढे वाढतत आणि उडी मारून भायर पडतत. अंगणात सिमेंटची टाकी आसात तर थय सोडा. माझो एक प्रश्न आसा. माझ्या बरणीत गोगलगायी आसत, तेंची पाठ पांढरी पडान झिजता. पाणी विहिरीचाच. ता कित्या?

नर्सबाई_देवगड

झिला, तुझं पाणी फार मऊ आहे. जांभ्याच्या भागातल्या विहिरींत चुना जवळजवळ नसतोच, आणि पाणी किंचित आम्लही असतं. कवच बांधायला कॅल्शियम मिळत नाही, उलट होतं तेच विरघळतं. तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) एक-दोन कवचं उकळून, घासून बरणीत टाक. वर अनघाला पुळणीची वाळू नको म्हटलं ते तळभर चुरा होतो म्हणून. दोन कवचं गरजेपुरतीच झिजतात. झिंग्यांनाही कात टाकताना कॅल्शियम लागतं, तेव्हा अनघा, तूही एक टाक.

गुहागरची_अनघा

खूप आभार मावशी, दादा! बाऊल लावून तीनेक आठवडे झाले. हायड्रिला वर आलंय, मुलगा रोज गाळणी घेऊन पहारा देतो, अळी अजून एकही नाही. सासूबाईंनी कापडाला इलॅस्टिक स्वतः शिवून दिलं. पण तीन गोष्टी दिसतायत. क्रिप्टोकोरायनीची पानं गळून चिखल झाली. पाण्यावर तेलकट साय धरते. आणि पाणी चहासारखं तांबूस झालंय. काही बिघडलंय का?

नर्सबाई_देवगड

काहीही बिघडलेलं नाही. क्रिप्टोकोरायनी जागा बदलली की पानं टाकते, मूळ जिवंत असतं. सडकी पानं काढून घे, गड्डा उपटू नकोस, नवी पालवी फुटेल. साय म्हणजे जिवाणूंचा थर. छापील वर्तमानपत्र नको, कोरा टिश्यू पेपर पृष्ठभागावर अलगद पसर आणि उचल, साय त्याला चिकटून येते. ती राहू देऊ नकोस, हवा अडवते. तांबूस रंग मातीतल्या पाल्यापाचोळ्याचा असतो, पाणी बदलत गेलीस की फिका होईल. तो झिंग्यांना बाधत नाही, उलट लोक देशी बदामाचं वाळलेलं पान मुद्दाम टाकतात. तुझ्या अंगणात झाड असेल तर झिंगे आल्यावर एक पान तूही टाक, ते कुरतडत बसतात.

झिंगे आणशील तेव्हा पिशवीतून थेट सोडू नकोस, पाण्याचा फरक त्यांना माशांपेक्षा जास्त झोंबतो. पिशवीतल्या पाण्यासकट त्यांना वाडग्यात काढ. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आण, सुई नको. बाऊल उंचावर ठेवून नळीचं एक टोक त्यात सोड, दुसरं वाडग्यात. सुरुवातीला पाणी ओढून घेतलंस की आपोआप उतरतं. नळीवरचं चाक फिरवून सेकंदाला एक-दोन थेंब पडतील असं बसव. वाडग्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की जाळीने झिंगे उचल आणि बाऊलमध्ये सोड. वाडग्यातलं पाणी झाडाला घाल, बाऊलमध्ये ओतू नकोस. आणि पहिले दोन दिवस खायला काही टाकायचं नाही.