झिरोचा बल्ब काढावा का?

पायरीवरचा: आमच्या झोपायच्या खोलीत वर्षानुवर्षं लाल झिरोचा बल्ब आहे. नाव झिरो, पण खातो १२ ते १५ वॅट. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा लहान लोड नीट नोंदला जायचा नाही, म्हणून हे नाव पडलं म्हणे. १५ वॅट, रोज १० तास, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५५ युनिट. मी सॉकेटमध्ये खोचायचा अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा आणला. वर्षाला दोन युनिटसुद्धा नाहीत, शिवाय सेन्सर आहे, अंधार झाला की आपणहून लागतो. दुसऱ्याच रात्री आईने तो उपटून ठेवला आणि झिरो परत सुरू. मला वाटतं, आता झिरो वापरणं ही नुसती सवय आहे. तुमचं काय?

फ्यूज_गेला: हिशोब बरोबर, उत्साह जास्त. ८ रुपये युनिट धरलं तरी वर्षाचे सव्वाचारशे वाचले. तुमचा २००० वॅटचा गीझर पाच मिनिटं जास्त चालू राहिला की झिरोची अख्खी रात्र खाल्ली! आधी ते बटण बंद करायला शिका. आणि त्या रस्त्यावरच्या स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरवर व्होल्टेज उतरवलेलं असतं. वरचं प्लास्टिक निघालं तर आत थेट मेन लाइन. घरात रांगतं पोर असेल तर मी तरी लावणार नाही.

पायरीवरचा: गीझर चालू राहतो म्हणून दिवाही जाळायचा? प्लास्टिकचं मात्र मान्य. मी आयएसआयचा शिक्का बघून घेतलाय.

काळोखप्रेमी: मुळात दिवा हवाच कशाला? डोळ्यांतल्या काही पेशी साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात आणि मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात. झोप आणणारं हार्मोन, मेलाटोनिन, तिथेच अडतं. शरीराच्या घड्याळावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालंय, हे काही माझ्या मनातलं नाही. पांढरा एलईडी उशाशी ठेवण्यापेक्षा तुमच्या आईचा लाल झिरो झोपेला बरा. (वीज जास्त खातो, हे कबूल.)

सत्तरीचा_मुलगा: काळोखप्रेमी, तुमच्या घरात म्हातारं माणूस नाही, एवढंच कळलं. माझे वडील रात्री तीनदा उठतात. मोरीचा उंबरठा दिसला नाही आणि मागच्या वर्षी खुबा मोडला. तेव्हापासून पॅसेजमध्ये खोचायचा पिवळा दिवा रात्रभर असतो. बिलाचं मी बघितलेलंसुद्धा नाही.

काळोखप्रेमी: पॅसेजमध्ये लावा की! माझी तक्रार झोपायच्या खोलीची आहे.

चाळकरीण: सगळे जण सॉकेट कुठे आहे ते विसरताय. हे दिवे जमिनीलगतच्या सॉकेटसाठी बनवलेले. आपल्याकडे बोर्ड छातीच्या उंचीला, त्यामुळे उजेड पायाशी पडायच्या ऐवजी थेट डोळ्यांत. बरं, बोर्डावरचं एकुलतं एक सॉकेट डासांच्या मशीनला. मोबाइल आधीच रांगेत. आता दिव्यासाठी मल्टीप्लग लावू आणि त्यावर सगळं लटकवू? त्यापेक्षा झिरोच्याच होल्डरमध्ये बसणारा अर्ध्या वॅटचा रंगीत एलईडी मिळतो, तो लावा. लालच घ्या, म्हणजे काळोखप्रेमींचं समाधान.

फ्यूज_गेला: हे पटलं. पण सेन्सर गेला ना?

चाळकरीण: बटण दाबायला हात आहेत.

पायरीवरचा: केलं. खोचायचा दिवा पॅसेजमध्ये, होल्डरमध्ये लाल एलईडी. आईला फरक कळणार नाही असं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी विचारते, "बल्ब बदललास ना? ती पाल येत नाही आता तिथे ऊब घ्यायला." आता पाल गेली कुठे, ही नवी काळजी.