भाजलेल्या बाईची जखम उशिरा भरते ते शरीरामुळं का खायच्या डब्यामुळं?

कापूसवाला (यवतमाळ): आमच्याइकडं हे सारखं आयकू येते का बाई भाजली तं माणसाएवढी लवकर उठत नाई, बाईचं अंगच कमजोर. मले हे अजिबात पटत नाई. भाजलं का तिचं वरण बंद, अंडं बंद, काऊन तं पू धरते म्हणे. अरे पू जंतूनं होते, वरणानं नाई! मोठं भाजलं असलं तं शरीर पडल्यापडल्या जवळपास दुप्पट ऊर्जा जाळू शकते, अन ते सुट्टी होऊन घरी आल्यावरही महिनोनमहिने चालते. त्यात प्रोटीन नाई भेटलं तं अंगावरचं मांस गळते, जखम कशी भरन मंग?

सिस्टरताई: भाऊ, अर्धं बरोबर हाय तुमचं. मी बर्न वॉर्डात काम केलं हाय. पण शरीराचा काही संबंधच नाई असं नोका म्हणू. बाईची कातडी पातळ रायते, म्हणून तेवढ्याच चटक्यानं जास्त खोल भाजते, मांसही मुळातच कमी. अमेरिकेतल्या काही अभ्यासातही तरुण अन मधल्या वयाच्या बाया माणसापेक्षा जास्त दगावलेल्या दिसल्या, अन तिथं काही कोणी वरण बंद करत नाई.

वर्धेकर: पण जाड्या बाईले तं फायदाच पायजे ना? चरबी म्हणजे साठा. माही मामी चांगली अंगानं भरलेली होती, घरचे म्हणे हिले खायची काय घाई, तरी तिची जखम लय दिवस ओली रायली.

सिस्टरताई: साठा हाय पण जखमेले लागते प्रोटीन, ते चरबीतून येत नाई, शरीर मांस तोडूनच घेते. वरून मोठ्या भाजण्यात चरबी वितळून लिवरमधी जमा होते. चरबीत रक्त कमी फिरते म्हणून जखम लवकर भरत नाई, अन साखर वाढते ती वेगळीच, डायबेटिस नसला तरी. म्हणून जाडीले उपाशी ठेवणं सगळ्यात वाईट.

गावकीची लेक: मी डब्याचं सांगते, डोळ्यानं पाह्यलेलं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाले उकडलेले अंडे, मटणाचा रस्सा, याले कामावर जायचं हाय म्हणून. अन आमच्या वहिनीच्या डब्यात मुगाच्या वरणाचं वरचं पाणी अन दोन टोस्ट. डॉक्टर म्हणत होते किलोमागं दिवसाले दीड ते दोन ग्राम प्रोटीन पायजे, म्हणजे 50 किलोच्या बाईले 75 ते 100 ग्राम, अन एका अंड्यात असते 6 च्या आसपास. करा हिशोब! हे कातडी पातळ असल्यामुळं झालं का? अन भाजल्यावर 20 मिनिटं वाहतं पाणी टाकायच्या जागी टूथपेस्ट फासली होती, ते वेगळंच.

कापूसवाला (यवतमाळ): तेच तं म्हणतो ताई. कातडी आपल्या हातात नाई, डबा हाय.

सिस्टरताई: डब्यावर बोला ना, मीबी बोलते. पण चांगलं खाऊनही एखादीची जखम ओली रायली तं घरच्याईवरच नोका ढकलू. ड्रेसिंगले नेलं का साखर तपासायले सांगा, अन लघवी कमी झाली, ताप आला तं वाट नोका पाहू.