मदत हवी आहे: दिवाळीत काढलेली जलकुंभी होळीला परत हजर

डोंगावाला:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल माफ.

आमचं गाव साकोलीच्या पलीकडे, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या हद्दीजवळ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली आमच्या गावातल्या भांडणांचाही उल्लेख येणार आहे. गावात मामा तलाव आहे. पुण्या-मुंबईकडच्यांना कदाचित माहीत नसेल म्हणून सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानासाठी हे तलाव बांधले, नंतर ते मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत. आमचा आठेक हेक्टरचा, पसरट. श्रावणात पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, दोन पुरुष पाणी असतं, मे महिन्यात कमरेइतकं उरतं.

गावातली चाळीसेक ढिवर घरं या तलावाच्या मासोळीवर जगतात. मी त्यातलाच. आमच्या मच्छीमार संस्थेच्या नावावर तलावाचा ठेका आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी जलकुंभी दिसायला लागली. पेपरवाले जलपर्णी किंवा इकॉर्निया लिहितात तीच. आधी फूल बघून बायका कौतुकाने घरी न्यायच्या. गेल्या वर्षी निम्मा तलाव झाकला गेला, डोंगा पुढे सरकेना, जाळं टाकलं की मासोळीऐवजी पन्नास किलो पालाच वर यायचा. मग दिवाळीनंतर आम्ही ठरवलं. सात डोंगे, संस्थेचे लोक, बचत गटाच्या बाया, शाळेतली मोठी पोरं असं अकरा दिवस श्रमदान केलं. दोर लावून पाला काठाला ओढायचा आणि हातोहात वर फेकायचा. शेवटच्या दिवशी तलाव आरशासारखा दिसत होता. फोटो पेपरात आला, सरपंचांनी भाषण केलं, आम्ही मटणाचा बेत केला.

होळीला बघतो तर दोन-अडीच हेक्टर परत हिरवं. आता पोरं म्हणतात, दादा पुन्हा बोलावू नका.

शिवाय काठाने बेशरमीची झुडपं माजली आहेत ती वेगळीच.

सल्ले भरपूर मिळाले. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, एक फवारा मारा, पंधरा दिवसांत साफ. एकाने सांगितलं, गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडा, सगळं खाऊन टाकतो. एका कार्यालयात गेलो तर प्रस्ताव द्या म्हणाले; दिला, त्याला आता सात महिने झाले. कुणी हे काम खरंच केलं असेल तर सांगा: आमचं नेमकं चुकलं काय, आणि या उन्हाळ्यात काय करावं?

पाणथळ:

आधी खात्री करू. देठ मध्येच फुगीर, हवा भरल्यासारखा आहे ना? काही भागांत गोंडाळालाही जलकुंभी म्हणतात. त्याला देठ नसतो, कोबीसारखा गड्डा तरंगतो.

ती जलपर्णीच असेल तर तीन प्रश्न. काढलेला पाला टाकला कुठे? गावाची नाली तलावात येते का? आणि पहिलं झाड आलं कुठून?

डोंगावाला:

फुगीर देठच आहे, फूल जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका.

पाला पाळीच्या आतल्या उतारावर टाकला. त्याचं कारण आहे. पाळीपलीकडे बांध्यांमध्ये धान उभा होता, कापणी व्हायची होती, कास्तकार बंडी जाऊ देईनात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

नाली येते. शाळेच्या बाजूने अर्ध्या गावाचं सांडपाणी तलावातच उतरतं. पहिलं झाड कुठून आलं ते ठाऊक नाही, पण बाहेरून मत्स्यबीज आणलं त्याच्या पुढच्या वर्षीपासून दिसतंय, असं आमचे वडील म्हणतात.

पाणथळ:

वडील बरोबर असतील. मत्स्यबीजाच्या पाण्यातून, दुसऱ्या तलावात वापरलेल्या जाळ्यांतून ती सहज येते. पुढे बीज आणाल तेव्हा ते पाणी तलावात ओतू नका. मासे गाळून सोडा, जाळी कडक उन्हात वाळवा.

आता हिशेब बघा. ऊब आणि खत (तुमच्या नालीचं सांडपाणी हेच तिचं खत) मिळालं की ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आडवे धुमारे फुटतात आणि प्रत्येक टोकाला नवं रोप. तुमच्याकडून काठाच्या बेशरमीत, कोपऱ्यात मिळून शंभर चौरस मीटर राहिली असं धरू. आठ वेळा दुप्पट झाली की २५,६०० चौरस मीटर, म्हणजे अडीच हेक्टर. त्याला सोळा आठवडे लागतात, आणि श्रमदान संपल्यापासून होळीपर्यंत साधारण तेवढेच भरतात. थंडीत वेग मंदावतो, म्हणजे तुमच्याकडे राहिली ती शंभरापेक्षा जास्त असणार. आतल्या उतारावरचा ढीग तर निम्मा जिवंतच होता; खालची मुळं ओली राहिली आणि परत पाण्यात उतरली.

याशिवाय गाळात बी आहे, ते पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. त्यामुळे एकदा काढून मोकळं झालो असं या वनस्पतीच्या बाबतीत होत नाही. अकरा दिवसांच्या श्रमदानापेक्षा त्यानंतर दर आठवड्याला दोन माणसं आणि एक डोंगा जास्त कामाचा. मटण नसलं तरी चालेल.

शेतीवाला नागपूर:

फवाऱ्याबद्दल. दुकानदार बहुधा ग्लायफोसेटबद्दल बोलत असेल. २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने ते परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच वापरायचं आहे, कुणीही पंप पाठीला लावून नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, दोन-अडीच हेक्टर पाला एकदम मेला की तो बुडतो, कुजतो आणि पाण्यातला प्राणवायू खातो. उथळ तलावात, एप्रिल-मेच्या गरम पाण्यात, मासोळी सकाळी पोटं वर करून दिसेल. तिच्यावरच तुमची चाळीस घरं आहेत. शिवाय तेच पाणी ढोरं पितात.

दुसरा मार्ग भुंग्यांचा. नीओचेटिना नावाचे दोन जातींचे सोंडकिडे आहेत, चार-पाच मिलिमीटरचे. ते आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने आणले. पूर्ण वाढलेला किडा पान खरवडतो, अळी देठ पोखरते, धानाला तोंड लावत नाहीत. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे चौकशी करा, तुम्हाला तेच जवळ. बैतुल जिल्ह्यात सारणीच्या धरणावर त्यांनी साल्विनिया या दुसऱ्या तणासाठी असाच एक सोंडकिडा सोडला आणि तण आटोक्यात आणलं. तिथले लोक त्या तणाला चायनीज झालर म्हणतात.

पण तुमच्या तलावात मला जरा शंका आहे. या किड्यांना जम बसवायला दोन ते चार वर्षं लागतात, आणि तोवर खायला जलपर्णी शिल्लक ठेवावी लागते. तुम्ही हाताने सगळी साफ केली तर किडा उपाशी मरेल. आठ हेक्टरला माणसं पुरत असतील तर हातानेच काढा. वैनगंगेसारख्या ठिकाणी, जिथे माणूस पुरत नाही, तिथे किडा.

सोलापूरकर:

जलपर्णीच्या देठांच्या टोपल्या, चपला, पर्स बनवतात. बचत गटाला काम मिळेल!

पाणथळ:

मिळेल, मीही बघितल्यात, छान असतात. पण दाट जलपर्णी चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो भरते. अडीच हेक्टरची पाच-सहाशे टन झाली. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, म्हणून आधी पाळीच्या बाहेर मुरमावर पातळ पसरून आठवडाभर वाळवा, मग वाहून न्या. ओला पाला ट्रॉलीत भरणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. वाळल्यावर शेणासोबत खड्ड्यात थर लावा, चांगलं खत होतं. कास्तकारांना ते फुकट देऊ म्हणा, बंडीची वाट आपोआप उघडेल.

अर्जुनीची:

भाऊ, आमच्याकडे अर्जुनी मोरगाव भागात हे काम झालं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे लोक ढिवर समाजाच्या संस्थांसोबत मामा तलावांवर काम करतात. त्यांना भेटाच. त्यांची पद्धत अशी, की उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट खोदायची, जमीन नांगरायची आणि पावसाच्या तोंडावर तलावातल्या मूळच्या पाणवनस्पती लावायच्या. नुसतं काढून रिकामं ठेवायचं नाही.

बेशरम विळ्याने कापू नका, सब्बल लावून खोदा. कापलेली कांडी ओल्या मातीला टेकली की रुजते, नाव काय उगाच पडलं नाही. चीक डोळ्यांना लागू देऊ नका, आणि शेळ्या तिच्यापासून लांब ठेवा.

आणि गवत्या मासा कृपा करून सोडू नका. त्याला जलकुंभीचा जाड पाला आवडत नाही, तो पाण्याखालचं कोवळं गवतच खातो. त्याच गवतात मासोळ्या अंडी देतात, पिल्लं लपतात. जलकुंभी राहील आणि मरळ, शिंगी जाईल.

डोंगावाला:

ताई, हे वाचून रात्री वडिलांना विचारलं. त्यांनी बसल्या बैठकीला पाण्यातल्या नऊ झाडांची नावं सांगितली आणि कोणत्या झाडात कोणती मासोळी राहते तेही. मला त्यातली चार ओळखता आली. आणि मी स्वतःला डोंगावाला म्हणवतो.

काल संस्थेची बैठक झाली. भांडण झालंच. उन्हाळी धानवाले म्हणतात पाणी सोडा, आम्ही म्हणतो ठेवा. यंदा गंमत म्हणजे पाणी उतरलेलं आम्हालाही हवंय, कमरेइतक्या पाण्यात पाला काढणं सोपं. म्हणून ठरलं ते असं: एप्रिलअखेर पाणी ठरल्या खुणेपर्यंत सोडायचं, त्याखाली नाही, खोल भागात बियाणाची मासोळी राहू द्यायची. मे महिन्यात जलकुंभी आणि बेशरम एकदमच, पाला पाळीच्या बाहेर. खताच्या खड्ड्यांची जागा दोन कास्तकारांनी दिली. नालीच्या तोंडाशी दोन खड्डे काढून त्यात कर्दळ लावायची, बेशरमीच्या खोदकामाला रोजगार हमीतून काही होतं का ते ग्रामसभेत मांडायचं. आठवड्याच्या पाळीसाठी घरांच्या वीस जोड्या केल्या, म्हणजे पाच महिन्यांत एकदा पाळी येते. न येणाऱ्याच्या वाट्याची मासोळी कापायची. हा मुद्दा आईचा, आणि तोच एकमताने पास झाला.

एक शेवटचं. वरच्या तलावाचा सांडवा आमच्या तलावात येतो आणि तिथेही ही बया आहे. रोवणीच्या दिवसांत तिथून वाहत येते. तोंडाला बांबू ठोकून जुनं नायलॉनचं जाळं बांधलं तर टिकेल का?

पाणथळ:

जाळं पाण्याच्या पूर्ण उंचीला बांधू नका, पहिल्याच पुरात पाला अडून बांबूसकट जाईल. जलपर्णी वरच तरंगते. जाड बांबू आडवे जोडून तरंगता दोर करा, त्याखाली हातभर जाळं सोडा, आणि तो सरळ न बांधता तिरका बांधा, म्हणजे पाला एका काठाला जमेल आणि तिथून उपसता येईल. वरच्या गावाशीही बोला, जमलं तर मे महिन्यातच.

डोंगावाला:

वरचं गाव माझ्या बायकोचं माहेर आहे. तिलाच पाठवतो.